बेंजो, पावरी आणि इको : खान्देशात घडवलेल्या आवाजाचा इतिहास

तारवाद्याच्या मूळ स्वराला विजेच्या साहाय्याने मुद्दाम वेगळा रंग देणाऱ्या उपकरणांना संगीताच्या व्यवहारात ‘इफेक्ट’ म्हणतात, आणि गिटारवादकाच्या पायाशी ठेवलेली, पायाने दाबून चालू-बंद करता येणारी अशी पेटी ‘पेडल’ या नावाने ओळखली जाते. स्वर फाटका व खरखरीत करणारा ‘फझ’ आणि वाजलेला स्वर क्षणभराने पुन्हा ऐकवणारा ‘इको’ हे त्यांतले दोन प्रमुख प्रकार होत. अशा पेट्या घरी जुळवणे, बाजारातून आणलेल्या पेट्यांत फेरफार करणे आणि त्यांतून निघालेला आवाज ध्वनिमुद्रित करून इतर वादकांपर्यंत पोहोचवणे, ही प्रथा बहुधा पाश्चात्त्य गिटारवादकांची म्हणूनच सांगितली जाते. तथापि जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांच्या खान्देशात हीच प्रथा बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड हे विजेवर चालणारे तालवाद्य यांच्याभोवती, लग्नाच्या बँडांच्या आणि सणांच्या मिरवणुकांच्या आश्रयाने वाढली. तिचा इतिहास ग्रंथांपेक्षा ध्वनिमुद्रणांतच अधिक साठलेला असल्यामुळे, त्या ध्वनिमुद्रणांकडे करमणुकीचा टाकाऊ माल म्हणून न पाहता कारागिरीची कागदपत्रे म्हणून पाहणे आवश्यक आहे.

या प्रदेशात वाद्याचा आवाज हाताने घडवण्याची परंपरा विजेच्या कितीतरी आधीची आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यापासून नाशिक जिल्ह्याच्या बागलाण-कळवणपर्यंत आणि पलीकडे गुजरातेतील डांगापर्यंत पसरलेल्या कोकणा व भिल्ल वस्त्यांत पावरी हे फुंकवाद्य वाजवले जाते. सुकवून पोकळ केलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला आवाज मोठा करणारा कर्णा असे तिचे स्वरूप असते. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजवणाऱ्या पावरकराला मानाचे स्थान असून त्याच्या सुरावर रात्रभर नाच चालतो. भोपळ्याचा आकार, त्याच्या सालीची जाडी, नळीतील जिभेची घडण आणि सांध्यांचा घट्टपणा यांवर पावरीचा आवाज अवलंबून असल्यामुळे दोन पावऱ्या सहसा एकसारख्या बोलत नाहीत, आणि चांगला आवाज ओळखून तो हाताने साधणारा माणूस वादक आणि कारागीर असा दुहेरी मानला जातो. पुढे विजेच्या वाद्यांच्या बाबतीत खान्देशात जे घडले, त्याचे मूळ याच दुहेरी भूमिकेत आहे, कारण येथे वाद्य वाजवणारा आणि वाद्याचा आवाज बदलणारा हे दोघे फार दूरचे कधीच नव्हते.

विजेच्या साधनाने लोकवाद्याचा आवाज निर्माण करण्याचे भारतातील सर्वांत गाजलेले उदाहरण १९५४ च्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटाचे आहे. हेमंतकुमार यांच्या संगीतातील पुंगीचा आवाज हा पुंगीचा नव्हता. कल्याणजी वीरजी शाह यांनी तो क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजवला होता. कॉन्स्टँट मार्टिन या फ्रेंच संशोधकाने १९४७ च्या सुमारास तयार केलेले हे छोटे कीबोर्ड निर्वात नलिकांच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हच्या, साहाय्याने एका वेळी एकच स्वर काढीत असे. ती धून लग्नाच्या बँडांनी उचलली आणि पिढ्यान्‌पिढ्या वरातींत वाजवली, तेव्हा एक अनोखी साखळी पूर्ण झाली. गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या यंत्राने केली, त्या यंत्राची नक्कल बँडच्या क्लॅरिनेटने केली आणि पुढे क्लॅरिनेटची जागा घेणाऱ्या कीबोर्डने पुन्हा त्याच आवाजाकडे धाव घेतली. खान्देशात पावरीच्या वाट्याला आलेला प्रवास समजण्यासाठी ही साखळी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

याच काळात अमेरिकेत बिघाडातून इफेक्टचा जन्म होत होता. नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणगृहात मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या वेळी ध्वनिमिश्रण यंत्रातील एका नादुरुस्त भागामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटला; १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या गाण्यात तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या मंडलात हुकमी साधला, आणि १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो एफझेड-१’ हे फझ पेडल बाजारात आले. त्याआधी गिटारवादक लिंक रे यांनी स्पीकरच्या कागदी पडद्याला भोके पाडून आणि त्यानंतर १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या वाद्यवृंदाचे डेव्ह डेव्हिस यांनी तो पडदा पात्याने चिरून असाच परिणाम साधला होता. यंत्र ज्यासाठी बनले ते काम सोडून त्याच्याकडून दुसरेच काम करवून घेण्याची ही वृत्ती जगभरच्या वादकांत समान आहे, मात्र तिला कोणते रूप मिळते हे त्या त्या मुलखात कोणती वाद्ये, कोणते सुटे भाग आणि कोणते प्रसंग उपलब्ध आहेत यावर ठरते.

महाराष्ट्रात हे रूप मुख्यतः बेंजोच्या द्वारे आले. मराठी मुलखात बेंजो म्हटले जाणारे वाद्य हे अमेरिकेतील कातडी पडद्याच्या बँजोहून पूर्णपणे वेगळे आहे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्राच्या बटणांची कल्पना तारवाद्याला लावून ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केले, आणि ते भारतात येऊन ‘बुलबुल तरंग’ या नावाने स्थिरावले. लांबट लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांवर आडवी बसवलेली बटणांची रांग, डाव्या हाताने बटण दाबताच ठरावीक जागी दबणारी तार आणि उजव्या हातातील नखीने काढलेला आघात अशी त्याची रचना असते. स्वराची जागा बटणानेच ठरत असल्यामुळे, सतारीप्रमाणे वर्षानुवर्षे बोट बसवण्याची गरज नसते. हार्मोनियम जाणणाऱ्याला ते लवकर हाती लागते आणि किंमतही आवाक्यात राहते. याच वाद्याचे ‘बेंजू’ हे रूप बलुचिस्तानात अभिजात वाद्याच्या मानाला पोहोचले, तर महाराष्ट्रात ते गणपती, नवरात्र, हळद आणि वरात यांचे वाद्य झाले. ‘बेंजो पार्टी’ ही संस्था मराठी जनजीवनात इतकी रुजली की २०१६ मध्ये रवी जाधव यांनी तिच्यावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला.

बेंजोचा नैसर्गिक आवाज मात्र नाजूक असतो आणि ढोल, ताशा व गर्दी यांच्यापुढे तो टिकत नाही. म्हणून त्याला पिकअप बसवावा लागला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळून केलेले वेटोळे. वरून जाणारी पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. सामान्य गिटारच्या एका वेटोळ्यात केसाइतक्या बारीक, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वेढे वाढवले तर आवाज जोरकस पण जाडसर होतो, कमी केले तर तो हलका व टोकदार राहतो. खान्देशात शेतीपंपांच्या मोटारींचे वाइंडिंग हा गावोगावचा व्यवसाय आहे आणि एनॅमल चढवलेली तांब्याची तार, तिचे माप व तिचे वेढे हा त्या व्यवसायाचा रोजचा विषय आहे. पिकअपचे तत्त्व समजून घेण्यास लागणारे ज्ञान या भागात परके नव्हते, हे त्यावरून दिसते.

पिकअप बसवल्यावर बेंजोची तार गिटारच्या तारेप्रमाणेच ॲम्प्लिफायरला जोडता येते, आणि जे उपकरण गिटारला चालते ते बेंजोलाही चालते. येथेच दोन इतिहास एकत्र येतात. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांच्या काळात परदेशी पेडल हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या वादकाच्या आटोक्याबाहेरचे होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारात सुटे भाग मिळत आणि भुसावळसारखे मोठे रेल्वे जंक्शन व मुंबई-आग्रा रस्त्यावरील धुळे यांमुळे हा बाजार खान्देशापासून एका रात्रीच्या प्रवासावर होता. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जर्मेनियमपासून बनवलेले ‘एसी १२८’ हे ट्रान्झिस्टर आणि ‘ओए ७९’ हे डायोड हाताशी असत. १९६६ साली इंग्लंडमध्ये आलेल्या ‘फझ फेस’ या प्रसिद्ध पेडलच्या काही प्रतींत हाच एसी १२८ वापरलेला आहे. ज्या भागाने खेड्यातील रेडिओ बातम्या ऐकवीत होता, त्याच भागाने लंडनमधील गिटार गुरगुरत होती, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. कारण साधनांचा दुष्काळ जितका सांगितला जातो तितका नव्हता, आणि उणीव होती ती मुख्यतः आराखड्यांची व ऐकायला मिळणाऱ्या नमुन्यांची.

मिरवणुकीच्या संगीतात फझपेक्षाही इकोला अधिक मान मिळाला. गाणाऱ्याचा शब्द आणि बेंजोचा स्वर चौकाच्या भिंतींवर आपटून परत आल्याप्रमाणे ऐकू यावा, ही श्रोत्यांची अपेक्षा असे. आरंभीचे इको-यंत्र चुंबकीय फितीवर चाले: एका शीर्षाने स्वर फितीवर उमटवायचा आणि थोड्या अंतरावरील दुसऱ्या शीर्षाने तो पुन्हा वाचायचा. १९७४ साली जपानच्या रोलँड कंपनीने आणलेले ‘स्पेस इको आरई-२०१’ याच तत्त्वावर चालते. त्याआधी १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी ‘बकेट ब्रिगेड’ हे मंडल शोधले होते, ज्यात आग विझवताना रांगेतील माणसे पाण्याची बादली हातोहात पुढे देतात त्याप्रमाणे विद्युत्‌भार एका धारित्राकडून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि शेवटच्या धारित्रापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ हाच इकोचा विलंब ठरतो. सामान्यांच्या हाती इको आला तो मात्र तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी या कंपनीच्या ‘पीटी २३९९’ या स्वस्त चिपमुळे. ही चिप स्वराचे अंकांत रूपांतर करते, आपल्या ४४ हजार बिटांच्या स्मृतीत तो क्षणभर साठवते आणि पुन्हा स्वररूपाने बाहेर देते.

या चिपमधील एक फेरफार जवळून पाहण्याजोगा आहे. तिच्या सोळा पायांपैकी सहाव्या पायापासून जमिनीला, म्हणजे शून्य विद्युत्‌दाबाच्या टोकाला, जोडलेला रोध इकोचा विलंब ठरवतो. तो रोध सुमारे अर्धा किलोओहम असता विलंब ३१ मिलिसेकंद, आणि सुमारे २७.६ किलोओहम असता ३४२ मिलिसेकंद भरतो. स्थिर रोध काढून तेथे फिरवता येणारा पोटेन्शिओमीटर बसवला, तर गाण्याच्या चालीनुसार इको जवळ-दूर करता येतो; रोध मर्यादेपलीकडे वाढवला, तर विलंब लांबतो पण प्रत्येक पुनरावृत्ती अधिकाधिक खरखरीत व धुरकट होत जाते. उत्पादकाच्या दृष्टीने हा दोष आहे, परंतु नाचणाऱ्या गर्दीच्या कानाला तोच धुरकटपणा आवडला तर वादकाच्या दृष्टीने तो गुण ठरतो. सोल्डरिंगच्या एका ठिपक्याने, काही रुपयांच्या सुट्या भागाने आणि कानाच्या परीक्षेने जो बदल होतो तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेला नसतो. तो कळण्याचा मार्ग म्हणजे त्या यंत्राचा आवाज ऐकणे.

म्हणूनच ध्वनिमुद्रणाची देवाणघेवाण हा या कारागिरीचा कणा झाला. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात १९८० च्या दशकात घरोघरी पोहोचली, आणि त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या हातून निसटलेले प्रादेशिक संगीत कसे फोफावले याचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात केला आहे. त्यांचे विवेचन मुख्यत्वे उत्तर भारताचे असले तरी त्यातील मूळ निष्कर्ष खान्देशाच्या अहिराणी बोलीलाही लागू पडतो. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने १९०७ मध्ये भिल्ली बोलींसोबत नोंदवलेली ही बोली छापील साहित्यात मागे राहिली. कॅसेटच्या युगात मात्र तिला लिपीच्या आधाराविना श्रोता मिळू लागला. कॅसेटवर गाणे असे, तसाच त्या गाण्यामागचा आवाजही असे. एखाद्या बँडची सुपारी ठरवणारे कुटुंब कॅसेट ऐकून निर्णय घेई आणि दुसऱ्या बँडचा वादक तीच कॅसेट मागे-पुढे फिरवून बेंजोचा इको किती लांब आहे, स्वर किती फाडला आहे, याचा अंदाज घेई. एकाच फितीने जाहिरात, पाठ्यपुस्तक आणि हिशेबाची वही अशी तिन्ही कामे केली.

अशा घरगुती तंत्रकौशल्याचे दृश्य रूप धुळ्यापासून जवळच असलेल्या मालेगावात दिसते. यंत्रमागांच्या या शहरात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला, आणि फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात त्यांच्या चित्रपटनिर्मितीची पद्धत नोंदवली गेली आहे. त्यात कॅमेरा सरकवण्यासाठी सायकलीचा आणि उंचावरून चित्रीकरण करण्यासाठी बैलगाडीचा उपयोग केलेला दिसतो. मालेगावच्या चित्रपटाला माहितीपटकार लाभला, त्यामुळे त्याची साधने व युक्त्या इतिहासात नोंदल्या गेल्या. बँडच्या गाडीवर उभ्या असलेल्या ॲम्प्लिफायरला आणि बेंजोच्या पिकअपला असा नोंदकार मिळाला नाही.

१९८५ मध्ये रोलँडचे पहिले ‘ऑक्टोपॅड’ बाजारात आले आणि १९९० च्या दशकात त्याचे पुढचे प्रकार व झूमसारख्या कंपन्यांचे छोटे गिटार प्रोसेसर भारतीय वादकांच्या हाती पडले, तेव्हा फेरफाराचे स्वरूप बदलले. आता सुटा भाग बदलण्याऐवजी यंत्राच्या स्मृतीतील आकडे बदलायचे होते. फझ, इको, स्वरउंची व गाळणी यांची विशिष्ट जुळणी साठवून ठेवली की तिला ‘पॅच’ म्हणतात, आणि वादकांच्या बोलण्यात तिलाच ‘टोन’ हा शब्द रूढ आहे. गिटारसाठी बनवलेल्या प्रोसेसरमध्ये बेंजोसाठी टोन बसवणे, किंवा ऑक्टोपॅडवर ढोलकी, संबळ व हलगीचे ठोके जुळवणे, हे खऱ्या अर्थाने घरगुती फेरफार आहेत. हातातील सोल्डरिंगची सळई गेली असली तरी कानाची परीक्षा तीच राहिली.

याच टप्प्यावर पावरी विजेच्या वाद्यात शिरली. धुळे, नंदुरबार व नाशिकच्या पश्चिम भागातील बँडांमध्ये ‘पावरी म्युझिक’ हा वादनप्रकार लोकप्रिय झाला, ज्यात कीबोर्डवर पावरीसारखा आवाज काढून त्यावर सलग नाचाची धून वाजवली जाते. तो आवाज साधण्यासाठी जिभेच्या वाद्यासारखा तिखट टोन निवडतात, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी स्वर वाकवणाऱ्या चाकाचा उपयोग करतात आणि भोपळ्यातील घुमारा भासवण्यासाठी थोडा इको देतात. रोलँडच्या ‘एक्सपीएस-१०’सारख्या कीबोर्डांत बाहेरून ध्वनिमुद्रित नमुने भरण्याची सोय असल्यामुळे प्रत्यक्ष वाद्याचा आवाजही पेनड्राइव्हवरून वाद्यात उतरवता येतो. श्रावणात कानबाई या देवीच्या विसर्जनाची मिरवणूक असो, होळीपूर्वीचा सातपुड्यातील भोंगऱ्या बाजार असो किंवा उन्हाळ्यातील लग्नसराई असो, गर्दी कोणत्या टोनवर थिरकते याची परीक्षा रस्त्यावरच होते आणि उत्तीर्ण झालेला टोन पुढच्या हंगामात इतर गाड्यांवर ऐकू येतो.

देवाणघेवाणीचे माध्यमही या काळात वेगाने पालटले. कॅसेटच्या जागी सीडी, तिच्या जागी मोबाइलच्या दुकानात गाणी भरून मिळणारे मेमरी कार्ड आणि सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त झालेल्या डेटामुळे थेट चित्रफीत असा तो क्रम आहे. चित्रफितीने एक गोष्ट नव्याने दिली: आवाजाबरोबर हातही दिसू लागले. कोणते बटण दाबले, प्रोसेसरवर कोणता आकडा होता, बेंजोला पिकअप कोठे बसवला होता, हे पाहणाऱ्याला कळते, आणि पूर्वी उस्तादाच्या घरी राहून शिकावी लागणारी युक्ती दूरच्या गावातील मुलालाही उपलब्ध होते. अहिराणी गाण्यांना या काळात जो अफाट श्रोतृवर्ग मिळाला, त्यामागे बोलीच्या गोडव्याइतकाच या हातोहात सुधारत गेलेल्या नादाचाही वाटा आहे.

या इतिहासाला दोन गंभीर प्रश्न चिकटलेले आहेत. पहिला प्रश्न श्रेयाचा आहे. कीबोर्डमधील पावरीचा नमुना हा कोणत्या तरी पावरकराच्या श्वासाचा आणि कोणत्या तरी भोपळ्याच्या घडणीचा ठसा असतो. तो हजारो वाद्यांत उतरतो, परंतु त्या पावरकराचे नाव त्यासोबत जात नाही, आणि डोंगऱ्यादेवाच्या उपासनेतील सूर विधीपासून तुटून निव्वळ नाचाचा होतो. दुसरा प्रश्न आवाजाच्या पातळीचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ मधील निर्णय यांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर घातलेली बंदी न्याय्य आहे, कारण झोप व आरोग्य यांचा हक्क मोठा आहे; परंतु मिरवणुकीच्या संगीताची चर्चा जेव्हा केवळ डेसिबलपुरती उरते तेव्हा त्यातील सूक्ष्म कारागिरी नजरेआड होते. प्रचंड आवाज आणि घडवलेला आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्याचा इतिहास पहिल्याच्या तक्रारीखाली गाडला जाणे योग्य नव्हे.

जतनाचा मार्ग दाखवणारी परंपरा धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यांवर व फडताळांत पडलेले कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. शिवाय जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, म्हणजे असे काम करू शकणाऱ्या संस्था याच प्रदेशात आहेत. राजवाड्यांच्या काळात ज्याप्रमाणे रद्दीत निघणारे दप्तर हे इतिहासाचे साधन ठरले, त्याच न्यायाने आज बँडमालकांच्या पेट्यांत पडलेल्या कॅसेटी हे साधन आहे; खान्देशच्या पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हाळ्यात चुंबकीय फीत फार वर्षे टिकत नाही, म्हणून हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. फितीतील आवाज उतरवून घेताना वाद्य कोणते होते, ते कोणी वाजवले, त्यात कोणता भाग कोणी बदलला आणि ते कोणत्या प्रसंगी वाजले, या चार गोष्टी वादकाच्या संमतीने आवाजाशेजारी लिहून ठेवल्या पाहिजेत. त्या लिहिल्या गेल्या, तर आज केवळ गोंगाट म्हणून ऐकला जाणारा खान्देशाचा हा नाद, त्याच्या कर्त्यांच्या नावांसह, या प्रदेशाच्या इतिहासात आपले हक्काचे स्थान घेईल.